डॉक्टरांच्या पुडीवर गोळीचं नाव हवं

पत्र : आम्ही मालवण तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. सासूबाई 72 वर्षांच्या आहेत. बीपी आणि साखर दोन्ही आहे. पंचवीस वर्षं त्या एकाच डॉक्टरांकडे जातात. तिथला कंपाउंडर पंधरा दिवसांच्या पुड्या बांधून देतो, वर 'सकाळ' आणि 'रात्र' एवढंच लिहिलेलं. शिमग्यात गाव जमतो त्या मांडावरून घरी आल्या आणि खळ्यात चक्कर येऊन पडल्या. तालुक्याच्या गावी खासगी रुग्णालयात नेलं. तिथे विचारलं, कसल्या गोळ्या चालू आहेत? आम्हाला एकही नाव सांगता आलं नाही. तीन दिवसांनी घरी सोडताना पाच गोळ्या लिहून दिल्या, त्यांची नावं सोबत पाठवते आहे. त्या आम्ही आणल्या, पण सासूबाई जुन्या पुड्याही सोडत नाहीत. "त्या डॉक्टरांच्या हाताक गुण आसा," म्हणतात. परवापासून सकाळी परत गरगरायला लागलंय. यांचं डोंबिवलीहून म्हणणं की डॉक्टरच बदला. नावं लिहून मागितली तर डॉक्टरांना राग येईल का? मेडिकलवाल्याने पाचातली एक गोळी दुसऱ्याच कंपनीची दिली, ती चालेल का? आणि सरकारी दवाखान्यात याच गोळ्या फुकट मिळतात म्हणे, त्यांवर भरवसा ठेवावा का?

उत्तर : ताई, सगळ्या प्रश्नांना उत्तर देते, पण आधी आजचं काम. आज रात्रीच्या गोळ्या सासूबाईंच्या हातावर ठेवण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. दवाखाना बंद झाला असेल तर घरी करा. पंचवीस वर्षांच्या ओळखीत तेवढा हक्क असतो. एवढंच सांगा, की रुग्णालयाच्या पाच गोळ्या आणि तुमच्या पुड्या दोन्ही चालू आहेत आणि चक्कर येते आहे. ते मिळाले नाहीत तर रुग्णालयाच्या कार्डावरच्या नंबरवर करा. तिथेही कोणी उचललं नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. काय बंद करायचं ते मी इथून सांगणार नाही, कारण पुडीत काय आहे ते मला दिसत नाही, आणि बीपीच्या काही गोळ्या एकदम तोडल्या तर बीपी उसळतं.

मला भीती कशाची वाटते ते सांगते. तुम्ही पाठवलेल्या यादीत टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन एकत्र असलेली बीपीची गोळी आहे, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची साखरेची गोळी आहे, शिवाय ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलची ॲटोर्व्हास्टॅटिन आणि पित्ताची पॅन्टोप्राझोल. बीपी-साखरेवर वर्षानुवर्षं औषध देणारे डॉक्टर साधारण याच घराण्यातल्या गोळ्या वापरतात. म्हणजे पुडीतही यातलीच एक-दोन असण्याची शक्यता मोठी आहे. बीपीचं औषध दुप्पट पोटात गेलं की अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस मोरीत नाहीतर पायरीवर पडतो. या वयात खुब्याचं हाड मोडायला तेवढं पुरतं.

साखरेची ग्लिमेपिराइड दुप्पट झाली तर त्याहून वाईट. थंड घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, माणूस भलतंसलतं बोलायला लागतो. असं दिसलं आणि त्या शुद्धीत असतील तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून द्या, नाहीतर भरपूर साखर घातलेलं कोकम सरबत. पंधरा मिनिटांत उतार पडला नाही तर पुन्हा द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, घास-पाणी फुप्फुसात जातं. 108 ला फोन करा. आणि साखरेने बरं वाटलं म्हणून घरी थांबू नका. या गोळीचा असर कित्येक तास राहतो, साखर पुन्हा खाली जाते. त्या दिवशी दवाखान्यात न्यायलाच हवं.

आता डॉक्टरांच्या रागाचं.

मी रत्नागिरीत मेडिकलच्या काउंटरमागे बरीच वर्षं उभी राहिले. फार्मसिस्ट म्हणून नोकरीच केली, स्वतःचं दुकान कधी नव्हतं. त्यामुळे पुडी मला दोन्ही बाजूंनी माहीत आहे. लहानपणी आमच्या गावच्या डॉक्टरांकडे तांबडं मिक्श्चर मिळायचं. बाटली घरून धुऊन न्यायची, कंपाउंडर त्यावर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचा, एक खाच म्हणजे एक डोस. आसपास औषधाचं दुकानच नव्हतं, तेव्हा डॉक्टरांनी औषध दिलं नाही तर ते मिळायचं कुठून? तीच पद्धत पुडीतून चालत आली. ती बेकायदाही नाही. औषधांच्या नियमांमध्ये नोंदणी असलेल्या डॉक्टरांना आपल्या स्वतःच्या रुग्णाला औषध द्यायची मुभा आहे, फक्त उघडं दुकान मांडून येईल त्याला विकायची नाही. तुमच्या सासूबाईंचा एसटीचा फेरा वाचतो, तपासणी आणि औषध मिळून एकाच फीमध्ये भागतं. हे सगळं मोलाचं आहे, म्हणून डॉक्टर बदला असं मी म्हणणार नाही.

पण नाव नसलेली गोळी पोटात जाता कामा नये. याबाबतीत मी हट्टी आहे आणि त्याला कारण आहे. माझे मामा गुडघ्यांनी हैराण होते. एका दवाखान्यातून ते महिनोन् महिने दुखण्याच्या पुड्या आणायचे. गुडघे पळायला लागले, भूक वाढली, चेहरा गोल झाला. मामी म्हणायची, तब्येत सुधारली. मग साखर चारशेच्या वर गेली. दुसऱ्या डॉक्टरांनी जुनं सगळं बंद करायला सांगितलं, आणि चौथ्या दिवशी मामा उठवेनात. पुडीत स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड बरेच दिवस घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, ते पायरीपायरीने कमी करावं लागतं. कार्डावर नाव लिहिलेलं असतं तर नव्या डॉक्टरांनी ते तसंच हळूहळू उतरवलं असतं. मामा वाचले, पण त्यानंतर ते काठीशिवाय चालले नाहीत.

तुमचे डॉक्टर असं करत असतील असं मी अजिबात म्हणत नाही. मी म्हणते ते एवढंच, की घरातलं माणूस शुद्धीत नसताना पुडीकडे बघून कोणालाच काही कळत नाही. पांढरी, गोल, मध्ये रेघ असलेली गोळी म्हणजे काहीही असू शकतं. तळहातावर अशी एक गोळी घेऊन "हीच द्या" म्हणणारी माणसं मी रोज परत पाठवायची, आणि ती माझ्यावर चिडायची.

विचारताना आडून विचारू नका. मुंबईला न्यायचंय, विम्याला कागद हवाय, अशा सबबी सांगायला लोक सुचवतील. पंचवीस वर्षांच्या माणसाला त्या लगेच कळतात आणि मग खरंच राग येतो. शिमग्यात काय झालं ते जसंच्या तसं सांगा. "डॉक्टर, त्या दिवशी आम्हाला एकही नाव सांगता आलं नाही, आम्ही फार घाबरलो. आता कार्डावर लिहून द्या, म्हणजे परत वेळ आली तर आमची पंचाईत होणार नाही." यात त्यांच्यावर संशय नाही, तुमची अडचण आहे. बहुतेक डॉक्टर लगेच लिहून देतात. मी असेही पाहिले की ज्यांना तोवर कोणी विचारलंच नव्हतं. सासूबाईंना बरोबर न्या आणि बोलणं त्यांच्यासमोर करा. डॉक्टरांनी स्वतःच्या तोंडाने "ही बंद, ही चालू" सांगितलं की त्या ऐकतील. तुमचं आणि माझं त्या ऐकणार नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नाही.

जाताना एका पिशवीत घरातली सगळी औषधं भरा. पुड्या, रुग्णालयाच्या गोळ्या, डिस्चार्ज कार्ड, बाम, डोळ्यांचे थेंब, वैद्यांचं चूर्ण, शेजारणीने दिलेली गुडघ्याची गोळी, सगळं. लोक चूर्ण आणि दुखण्याच्या गोळ्या सांगत नाहीत, कारण त्यांना ती औषधं वाटतच नाहीत. डॉक्टरांच्या टेबलावर पिशवी उलटी करा.

कागदावर औषधाचं मूळ नाव (म्हणजे आतल्या घटकाचं), किती मिलिग्रॅम, दिवसातून कधी, जेवणाआधी की नंतर, आणि किती दिवस, एवढं आलं पाहिजे. अक्षर लागलं नाही तर तिथेच विचारा. मूळ नाव ठळक, वाचता येईल अशा अक्षरात लिहावं हे डॉक्टरांच्या आचारसंहितेतच आहे. नुसतं कंपनीचं नाव असेल तर डोंबिवलीच्या दुकानात ते ओळखतील, पण मालवणात ती कंपनी नसेल तर पुन्हा घोळ. नावापुढचा आकडाही नीट बघा. साखरेच्या जोडगोळ्यांत एकाच नावापुढे 1 आणि 2 असे आकडे असतात, तो ग्लिमेपिराइडचा डोस असतो. एकच्या जागी दोन आलं की दुप्पट झालं. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर अशी अक्षरं असतील तर ती गोळी हळूहळू विरघळणारी असते. ती कुटून किंवा चावून द्यायची नाही.

मेडिकलवाल्याने कंपनी बदलली त्याबद्दल. चिठ्ठीवर कंपनीचं नाव लिहिलेलं असताना फार्मसिस्टने आपल्या मनाने दुसरी कंपनी द्यायची नाही, असा नियम आहे. डॉक्टरांना फोन करून विचारायला हवं. मात्र चिठ्ठीवर फक्त मूळ नाव असेल तर त्या औषधाची कुठल्याही कंपनीची गोळी देता येते. म्हणून तुम्ही आणलेली गोळी काढून बघा. घटक तेच, मिलिग्रॅम तेवढेच आणि प्रकार तोच असेल तर घाबरू नका, फक्त पिशवीतून ती डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड आणि फिटच्या औषधांत मात्र दर महिन्याला कंपनी बदलत राहणं बरं नाही. तिथे थोडा फरकही जाणवतो.

दुकानातल्या माणसाकडून तुम्ही फार कमी घेता, असं मला नेहमी वाटतं. भिंतीवर परवान्याच्या चौकटीत फार्मसिस्टचं नाव लावलेलं असतं. ती व्यक्ती दुकानात आहे का, विचारा. चिठ्ठीवरचं औषध नोंदणी असलेल्या फार्मसिस्टच्या देखरेखीशिवाय देता येत नाही, आणि ते कसं घ्यायचं हे समजावून सांगणं हे त्यांचं कामच आहे. गर्दीच्या वेळी जाऊ नका. दुपारी अडीचला जा, बिल घ्या आणि विचारा : एखादा डोस चुकला तर काय करू? या गोळीबरोबर गुडघ्याची कुठली चालेल? बिलावर औषधाचं नाव, बॅच आणि मुदत असते, म्हणून ते फेकू नका. पाकीट कापून देत असतील तर नाव आणि मुदत छापलेला तुकडा तुमच्याकडे येईल असं कापायला सांगा. पाकिटावरच्या तांबड्या चौकटीत 'शेड्यूल एच1' (Schedule H1) असं लिहिलेलं असेल तर ते औषध देताना दुकानाला वेगळ्या वहीत तुमचं आणि डॉक्टरांचं नाव लिहावं लागतं आणि ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. तुमचं नाव विचारलं तर रागावू नका, ते दुकान नीट चालतंय.

गुडघ्याच्या गोळीचा प्रश्न मी मुद्दाम घातला. लावणी सुरू झाली की कंबर-गुडघे धरतात आणि दुकानातून डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक सर्रास आणली जाते. टेल्मिसार्टन चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या किडनीवर ही गोळी ताण आणते, बीपीही वर जातं. त्यात लघवी वाढवणारं औषध असेल तर आणखी वाईट. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल बरं, तेही डॉक्टरांना विचारून.

चिठ्ठी एकदा वापरली की संपली, असा साधारण नियम आहे. डॉक्टरांनी 'तीन महिने' किंवा 'तीन वेळा' असं लिहिलं असेल तरच तीच चिठ्ठी पुन्हा चालते. तेव्हा तेवढं लिहून घ्या. गणपतीत डॉक्टर गावाला गेले आणि गोळ्या संपल्या, ही दरवर्षीची रड त्यामुळे थांबेल. फोनवरही सोय आहे. 2020 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे डॉक्टर फोनवर सल्ला देऊन सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू शकतात. त्याच आजारासाठी गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष तपासलेलं असेल तर पुढच्या गोळ्यांसाठी हे सोपं पडतं. झोपेच्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्या मात्र अशा लिहून देता येत नाहीत.

सरकारी गोळ्यांवर भरवसा ठेवा. बीपी नियंत्रणाचा देशपातळीवरचा कार्यक्रम महाराष्ट्रात ज्या जिल्ह्यांपासून सुरू झाला त्यात आपला सिंधुदुर्ग होता. केंद्रात कार्ड निघतं, बीपी मोजतात आणि साधारण महिन्याच्या गोळ्या देतात. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. गोळीवर चकचकीत नाव नसतं, औषध तेच असतं. जनऔषधी केंद्रातल्या गोळ्यांचंही तसंच, आणि त्या बाजारातल्या ब्रँडपेक्षा बऱ्याच स्वस्त असतात. चिठ्ठीवर मूळ नाव असलं म्हणजे तिथून घेता येतात. पण माझी एक अट आहे. पुडी, केंद्र आणि मेडिकल अशा तीन ठिकाणांहून एकाच आजाराच्या गोळ्या घरात येता कामा नयेत. जागा कुठलीही निवडा, एकच निवडा, आणि डॉक्टरांना सांगा. तुमच्या घरी शिमग्यानंतर जे झालं ते दोन जागांमुळेच झालं असावं. बदल केल्यावर दोन आठवड्यांनी बीपी मोजून घ्या, बसून आणि मग उभं राहून. घरोघरी फिरणाऱ्या आरोग्य खात्याच्या आशाताई येत असतील तर त्यांनाही कार्ड दाखवून ठेवा.

आता मृग जवळ आला. आगोट भरताना आपण तांदूळ, सुकी मासळी, मीठ-मिरची बघतो, त्या यादीत गोळ्याही लिहा. पावसात एसटी बंद पडते, साकवावरून पाणी जातं, वीज जाते. निदान महिन्याभराच्या गोळ्या हाताशी असू द्या. आणि त्या पाकिटातच ठेवा. कोकणातली पावसाळी हवा कागदाच्या पुडीतून आत शिरते आणि गोळ्या पिठूळ होतात. यादीतली ॲस्पिरिन दमट झाली की तिला शिरक्यासारखा आंबट वास येतो. असा वास आला तर ती गोळी द्यायची नाही. आठवड्याच्या खणांच्या डबीत एका वेळी सातच दिवसांच्या काढा. डबा चुलीजवळ नको, फ्रीजवर नको, मोरीच्या भिंतीला तर नकोच. झाकण घट्ट बसणारा डबा कपाटात वरच्या खणात ठेवा, नातवंडांचा हात पोचणार नाही असा. डॉक्टर पुड्याच देणार असतील तर त्यांना पाकीट न फोडता द्यायला सांगा. तेही मागता येतं.

पावसातल्या तापाबद्दल दोनच वाक्यं, कारण तो वेगळा विषय आहे. चिखलात काम करणाऱ्या माणसाला ताप आणि पोटऱ्यांत दुखणं सुरू झालं की घरातली उरलेली अँटिबायोटिक देत बसू नका, त्याच दिवशी केंद्रात दाखवा. आपल्याकडे लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप आहे, आणि त्यात दिवस वाया गेले की किडन्या जातात.

राहिले तुमचे यजमान. लांब राहणाऱ्या मुलाला डॉक्टर बदलणं हाच उपाय वाटतो, कारण त्याला तेवढंच हातात दिसतं. त्यांना दुसरं काम द्या. तुम्ही दवाखान्यात असाल तेव्हा त्यांना फोन लावून द्या आणि डॉक्टरांशी बोलू द्या. मग कार्डाचा फोटो त्यांच्या फोनमध्ये, तुमच्या फोनमध्ये आणि शेजारच्या घरातल्या एकाच्या फोनमध्ये ठेवा. कार्डाची एक प्रत सासूबाईंच्या बटव्यात. मांडावर जाताना बटवा असतोच ना त्यांच्या कमरेला?